घरच्यासारखं

प्रिय आई,

इथूनच वाकून नमस्कार करते.

मी बरी आहे. खोकला गेला. तुझे गुडघे काय म्हणतात? बाबांनी चष्मा बदलला का?

रविवारी आमच्या प्रोग्रामर मंडळाची सभा होती. वार्षिक संमेलनात कोणी कोणाशी कसं वागावं, याचे लेखी नियम करायचे की नाही, यावर तीन तास वाद झाला. टिपणं घ्यायला मला बसवलं, अक्षर चांगलं आहे म्हणे. कॉम्प्युटरवाल्यांच्या सभेत अक्षर! तू हसशील.

मंडळ ज्यांनी उभं केलं ते आमचे सर म्हणाले, "अहो, नियम कशाला? इथं सगळं घरच्यासारखं आहे." टाळ्या पडल्या. मी लिहून घेतलं, घरच्यासारखं.

गेल्या संमेलनात याच सरांनी जिन्यात माझा हात धरला होता आणि सोडत नव्हते. तुला कळवलं नाही, उगाच जिवाला घोर. आता त्याचं काही वाटत नाही. ते बोलत होते तेव्हाही काही वाटलं नाही.

फक्त त्या शब्दापाशी पेन थांबलं. आपल्या घरी होता ना गं नियम? मोठे काका आले की मी आतल्या खोलीत बसायचं आणि कडी लावायची. तू कारण सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

निर्णय पुढच्या महिन्यावर ढकललाय. बाकी सगळं ठीक.

एवढंच कळव, मी कडी लावल्यावर तू कुठे बसायचीस?

तुझी,
धाकटी