मांडीवर न घेतलेला मुलगा

थोरले, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी आज तुझ्याशी असलेलं भांडण मिटवायला बसलो आहे. भांडण माझं एकट्याचंच होतं, तुला त्याचा पत्ताही नव्हता. घरात सगळे तुला थोरली म्हणत, म्हणून मीही थोरलीच म्हणत आलो. मला जन्म देणारी धाकटी मी दोन वर्षांचा असताना गेली, आणि तुझ्या पोटी काही नव्हतं. सवत मातीचीही नको म्हणतात. तुझी तर हाडामांसाची होती, आणि ती गेल्यावर तिचं रडकं पोर तुझ्याच पदराला लोंबकळत राहिलं.

आज हे सुचण्याचं कारण असं, की परवा चौक गावी एका सोयऱ्याच्या घरी मी पंच म्हणून बसलो होतो. तिथल्या विधवेने मेलेल्या सवतीचा मुलगा मायेपोटी दत्तक घेतला होता. तिचा दीर शांतपणे म्हणाला, "दत्तक घेतला म्हंजे भावाला मुलगा नवता हे तुमीच लिवून दिलंत. मंग ह्याची आय त्याची कोण हुती?" बाई लेकराचं भलं करायला गेली आणि त्याच्या आईला भर पंचांत बेअब्रू करून बसली.

तिथे बसल्या बसल्या मला आपल्या ओसरीवरचा तो दिवस आठवला. गावचे पाटील असलेले बाबा भातकापणीच्या दिवसांत तापाने गेले, तेव्हा मी सात वर्षांचा. तेरावं होतंय न होतंय तोच चुलता स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा. माझी आई आधीच्या नवऱ्याची विधवा, बाबांनी तिच्याशी पाट लावलेला, म्हणजे गाजावाजा न करता पुनर्विवाह केलेला. वाजतगाजत लग्न लागलं ते तुझं. चुलता म्हणतो, "वैनी, पाटाच्या पोराला पाटीलकी नाय मिळायची. माजा धाकटा मांडीवर घ्या. तुमी घरच्या मालकीण ऱ्हाल." तू तांदळाची भाकरी थापते आहेस. मान वर न करता म्हणतेस, "भाकरी करपंल भावजी, मागनं बोलू." ते मागनं तू कधी येऊच दिलं नाहीस. त्याचं ऐकलं असतंस तर जन्मभर सुखात बसून खाल्लं असतंस. नाही ऐकलंस तर घर, शेत, होळी पेटवायचा पहिला मान, सगळंच जायची भीती, आणि आपण दोघं त्याच्या दारचे आश्रित.

मग भटजींनी मधला मार्ग काढला. याच पोराला दत्तक घ्या, तंटाच नको. गावाला पटलं, आणि नवल म्हणजे चुलत्यालाही लगेच पटलं. मला न्हाऊ घातलं, नवा सदरा घातला. ओसरीवर बसायचा पाट मांडलेला, माणसं जमलेली, आणि मी आपला तुझ्या मांडीकडे डोळे लावून. आता थोरली सगळ्यांदेखत मला जवळ घेणार म्हणून मी कोण खूश होतो! तू आलीस, पाटाकडे पाहिलंस, चुलत्याच्या तोंडाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मी ह्याला दत्तक घेणार नाय. ऊठ रं, आत जा." एवढंच. मी उठलो आणि गोठ्यात जाऊन पोटभर रडलो. त्यानंतर पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नाही. तू वालाची उसळ वाढलीस की मी ताट सरकवायचो. एकदा पाठीत धपाटा घालून म्हणालीस, "अन्नावर राग काढू नको." मला वाटायचं, हिला मी नकोच आहे.

मग चुलत्याने पाटीलकीवर दावा लावला. त्यासाठी खालापूरच्या कचेरीत गेलो तेव्हाही तो राग पोटात होताच. साहेबांनी मला पुढे बोलावून विचारलं, "बाळ, ही तुझी आई का?" मी म्हणालो, "नाय. ही माजी कोन नाय." चुलता खुदकन हसला. मला वाटलं, आता तू खचशील. तू पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "बराबर बोलला, सायेब. ह्याची आय मेली. पाट लावून ह्याच्या बापानं तिला आनली, तवा उंबऱ्यावर वटी मीच भरली. ती धाकटी, मी थोरली. बापाचा मुलगा घरात असताना मी दत्तक कुनाला घेऊ?" कुंभिवली गावच्या दोन म्हाताऱ्यांनी पाटाचं जेवण आपण जेवलो होतो असं सांगितलं. निकाल बऱ्याच महिन्यांनी आपल्या बाजूने आला, पण चुलत्याचं हसू त्याच दिवशी मावळलं.

परतताना बैलगाडीत तू गाठोड्यातून बाबांचं मुंडासं काढलंस आणि माझ्या डोक्याला गुंडाळलंस. ते कानांवरून खाली घसरत होतं. गाडीवानाला म्हणालीस, "पोर कचेरीला भ्यालं नाय. खरं तेच बोललं. पाटील आसाच पायजे." पुढे सगळ्या गावाला तू हेच सांगत राहिलीस.

थोरले, मला मांडीवर न घेऊन तू माझ्या आईला तिची जागा दिलीस, हे कळायला मला चौकची ती बाई पाहावी लागली. तुझे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडावेत असं वाटतही नाही. ते अंगावर असलेले बरे वाटतात. हा कागद मी त्या मुंडाशाच्या घडीत ठेवणार आहे. दर होळीला ते बांधताना लोक तुझं वाक्य आठवून माझी पाठ थोपटतात आणि मी मान खाली घालतो. ते विनय समजतात. त्या दिवशी मी खरं बोलायला म्हणून बोललो नव्हतो गं. मला तुला सगळ्यांसमोर रडवायचं होतं.