अब्बांच्या गिटारची जन्मतारीख

घोरपडे पेठ, पुणे
रविवार, दुपार

चि. जावेद यास आपाचे भरभरून दुवे.

तू खुशाल असशील. साखर आटोक्यात आहे असं कळवतोस, पण कंदी पेढ्यांच्या साताऱ्यात राहणाऱ्या माणसाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा? घरात सगळ्यांना सलाम. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे जिना चढताना तक्रार करतो, उतरताना गप्प असतो. तुझी लेक अलफिया माझ्याकडे सुखात आहे. ऑफिसातून आली की आधी मोबाईल चार्जिंगला लावते आणि मग स्वतः आडवी होते.

परवा तू मोबाईलवर एका ओळीत विचारलंस, "आपा, गिटार कितीला जाईल? हॉलचे पैसे भरायचेत." अब्बांची जुनी बेस गिटार विकून अलफियाच्या मंगनीसाठी हॉल घ्यायचा, असं तू मागेच म्हणाला होतास आणि मी होही म्हटलं होतं. तेव्हा ती मला चार जाड तारा लावलेला सोटाच वाटत होती. आता मात्र एका ओळीचं उत्तर मला जमेना. (सगळी नोकरी मुलांना 'सविस्तर उत्तरे लिहा' असं सांगण्यात गेली, त्याचा हा परिणाम.) म्हणून हे पत्र. बसून वाच.

ती घरात आली तेव्हा तू पाळण्यात होतास. अब्बा दिवसा मंडईत फळांचा गाळा सांभाळायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता. त्या काळी स्कूटर मिळायला इतकी वर्षं लागत की मुलगा झाला म्हणून नंबर लावावा आणि त्याच्या लग्नात गाडी यावी. अखेर अब्बांचा नंबर लागला, ते पैसे घेऊन निघाले आणि वाटेत त्यांना कोरेगाव पार्कातला एक गोरा पाहुणा भेटला. तो परतीच्या तिकिटासाठी गिटार विकायला निघाला होता. इकडे अम्मी नवी स्कूटर दाखवायला शेजारणींना घेऊन खाली उभी, आणि अब्बा आले चालत, खांद्यावर ही पेटी. त्या दिवसापासून मरेपर्यंत अम्मीने तिला गिटार म्हटलं नाही. "तुमची स्कूटर कॉटखाली सरकवा, मला केर काढायचाय," असं म्हणायची. (पाहुणे बिचारे कॉटखाली वाकून बघत.)

तर अलफियाने इंटरनेटवरून माणूस शोधला. अवधूत त्याचं नाव. बाणेरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पण जीव सगळा जुन्या गिटारींत. मला वाटलं, रद्दीवाल्यासारखा ताणकाटा घेऊन येईल. तो आला पांढरे हातमोजे, भिंग आणि एवढीशी बॅटरी घेऊन. चपला दाराबाहेर काढल्या, चहाला नको म्हणाला (मी विचारला होता, पुणेकरांची बदनामी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी), आणि पेटी उघडली. मग खाली वाकला आणि चक्क वास घेतला. आंब्याच्या पेटीचा वास घेणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांच्या तोंडावर भाव पाडायचा बेत स्पष्ट दिसतो. याच्या तोंडावर तसलं काहीच नव्हतं. सरळ होऊन म्हणाला, "काकू, ही ओरिजनल आहे हो. म्हणजे सगळीच्या सगळी." मी म्हटलं, आमच्याकडे सगळं ओरिजनलच असतं, नवीन आणायला पैसे कोणाकडे होते?

वय ठरवायचं तर पाठीवरच्या लोखंडी पट्टीवरचा क्रमांक बघायचा, अशी त्यांची रीत. त्याने गिटार अलगद उलटी केली. क्रमांक नव्हता. त्या जागी टिंबाटिंबांच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रहीम बागवान, घोरपडे पेठ'. हा प्रताप अम्मीचा. शेजारी गेलेलं पातेलं नावाशिवाय परत येत नाही हा तिचा अनुभव, आणि अब्बांची स्कूटर तर रोज नव्या मांडवात जायची. एकदा वाट्यांवर नाव घालायला भांड्यांच्या दुकानात गेली, ती हिलाही घेऊन गेली. पट्टीवर आधीपासून नंबर होता. नाव घालणाऱ्याला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या घरची खूण असेल. त्याने कानस मारून तो साफ काढून टाकला. (त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, असं अम्मी कौतुकाने सांगायची.) अवधूतने नाव वाचलं आणि तो भिंतीला टेकून बसला. अलफियाने त्याला पाणी दिलं.

पण त्याच्याकडे आणखी एक उपाय होता. त्याने चार स्क्रू काढले, पट्टी उचलली, आणि गिटारची दांडी धडापासून सुटी झाली. मी 'या अल्लाह' म्हणून डोळे मिटून घेतले. अब्बांनी आयुष्यात केलेली एकुलती एक चैन माझ्या देखत मोडली असं वाटलं. डोळे उघडले तर दांडीच्या टोकाशी, कोऱ्या लाकडावर, पेन्सिलीने तारीख घातलेली. नोव्हेंबर १९६१. शाई नव्हे रे, साधी पेन्सिल, खोडरबराने जाईल अशी! समुद्रापलीकडच्या कुणा कारागिराने दांडी घासून झाल्यावर ती लिहिली, लगेच वर स्क्रू बसले, आणि त्यानंतर ती कुणाच्या दृष्टीला पडलीच नाही. अब्बांच्याही नाही. एवढे मांडव झाले, गुलाल उधळला गेला, कॉटखाली वर्षं गेली, तरी अक्षर जसंच्या तसं. मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं, ते पुढच्या तासाला पुसलं जायचं. मी त्यावरून बोट फिरवायला गेले, जावेद, आणि पुसेल म्हणून मागे घेतलं. अवधूतने मग आतल्या बटणांखालचे बारीक आकडेही भिंगातून वाचले. तेही त्याच वर्षाचे निघाले.

नंतर त्याने ती जोडली, सोबत आणलेल्या छोट्या स्पीकरला लावली आणि सगळ्यांत जाड तार एकदाच छेडली. आधी फडताळातल्या वाट्या थरथरल्या, मग माझ्या छातीचं हाड. तुला आठवतं का, गणपतीतल्या कार्यक्रमांत आपण पुढे सतरंजीवर बसायचो, टाळ्या गाणाऱ्याला पडायच्या, आणि अब्बा मागे पडद्याशी उभे असायचे? अब्बांचं का ऐकू येत नाही, असं तू दरवेळी विचारायचास. मी ते अवधूतला सांगितलं. तो म्हणाला, "ऐकू येत नाही म्हणजे करेक्ट वाजतंय, काकू. थांबलं की कळतं." अब्बांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते थांबलंय हे मला त्या दुपारी कळलं. मी खूप रडले. अवधूतही हातमोज्याने डोळे पुसत होता, तेव्हा लाज वाटून घेण्याचा प्रश्न आला नाही.

आता किंमत. त्याने तो आकडा तोंडाने उच्चारला नाही, मोबाईलवर लिहून आमच्यापुढे धरला. अलफिया खालीच बसली. (बाणेरला फ्लॅट येणार नाही, पण त्या फ्लॅटचं पार्किंग येईल.) आणि हा आकडा म्हणे नंबर गेल्यामुळे उतरलेला. त्याच काळातली कोरी पट्टी परदेशातून मागवून बसवली, तर आणखी वाढेल. नावाची पट्टी आपण आठवण म्हणून ठेवायची. मी विचारलं, अहो, पण ही पट्टी करते काय? तर म्हणाला, धड आणि दांडी एकमेकांना धरून आहेत ते हिच्यावरच. मला हसू आलं. जन्मभर स्कूटरवरून अब्बांना टोमणे मारणाऱ्या बाईने त्यांचं नाव कुठे घालून ठेवलं होतं बघ.

असो. हॉल तुला घ्यायचा आहे, मुलगी तुझी आहे, आणि मी दिलेला शब्द मोडणार नाही. अवधूतच्या ओळखीचं गिऱ्हाईक गुरुवारी येणार आहे. पट्टी बदलायची की तशीच द्यायची, ते कळव.

तुझी आपा,
अख्तरबानू

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि गुरुवार होऊन गेला. गिऱ्हाईक आलं होतं. सभ्य माणूस, अत्तर बरं होतं. गिटार काचेच्या कपाटात ठेवणार म्हणाला. वाजवता का, असं मी विचारलं. तर म्हणे, नाही, ही गुंतवणूक आहे. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले, म्हणजे तो नक्की गेला याची खात्री झाली.

ता. क. २. पत्र अजून घरातच आहे, आणि मध्ये बरेच रविवार गेले. अलफियाला हॉल नको आहे. तुला सांगायला घाबरते, म्हणून मी सांगते. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मंगनी करायची आणि मी, म्हणजे तिच्या फुफीने, अब्बांची गिटार वाजवायची, एवढंच तिचं म्हणणं. अवधूत आता दर रविवारी शिकवायला येतो. मला एक गाणं येतं, तेही फक्त त्याचं खालचं अंग. वरचं कुणीतरी गायल्याशिवाय ते कोणतं गाणं आहे हे कळत नाही. विकायचीच असेल तर मंगनीनंतर वीक, मी अडवणार नाही. माझं वादन ऐकून भाव पडला तर मात्र मला बोलायचं नाही.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. गिटार गळ्यात अडकवायचा अब्बांचा चामडी पट्टा त्यांच्या मागे तू नेलास, तो तुझ्या कपाटात असेल. मला उभं राहून वाजवायचं आहे. तो कुरिअरने पाठवू नकोस, मंगनीच्या चार दिवस आधी स्वतः घेऊन ये. तो कसा अडकवतात ते मला माहीत नाही, आणि अवधूतला मी विचारणार नाही. कार्यक्रमाच्या आधी स्टुलावर चढून अब्बांना तो तूच अडकवून द्यायचास.