पिवळ्या वहीतलं वाक्य

मंगळवार, संध्याकाळ. बनशंकरी.

पाच डाय म्हणजे साचे, मापं तपासायला अकरा गेज, भोकं पाडायला एक ड्रिलिंग जिग आणि पिवळी वही. सगळं माझ्या हातचं. शिकवायला कुणी नव्हतं.

आज बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात एआयसाठी आमची मनं तयार करायची बैठक होती. मॅनेजरबाईंनी पडद्यावर एआयला विचारलं, डाय तडकणार हे आधी कसं ओळखायचं? उत्तर आलं: ‘आवाज जड झाला की थांब, माप नंतर.’

वाक्य माझं. फक्त पिवळ्या वहीत लिहिलेलं.

“अण्णा, स्वल्प हसा की! तुमच्यासारखंच खेकसतंय,” फिटर मंजुनाथ म्हणाला. सगळे हसले.

वही कारखान्यातल्या माझ्या कपाटात, कुलपात असते. दुसरी किल्ली ऑफिसात, हे इतकी वर्षं कसं खटकलं नाही मला?

नंतर बाईंनी कागद पुढे सरकवला. मी सही न करता उठलो. पिवळी वही कंपनीला स्वखुशीने दिली, एवढंच कबूल करायचं होतं. बदल्यात दोन लाख रुपये.