चौघींची पेनं

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. माझा खोकला गेला, आवाज परत आलाय. वर्गातल्या मुलींना त्याचं फार दुःख आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

चिमीला आमच्या मुलींच्या कॉलेजात घालायचं म्हणतोस, कारण इथे मुलगे नाहीत आणि तुझ्या जिवाला घोर नाही. कुंपण उंच आहे का, विचारलंस. उंच आहे. पण कुंपणासाठीच पाठवत असशील, तर हे ऐक.

यंदा पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेत एका टेबलावर चौघीजणी वह्या उघडून, पेनांची टोपणं काढून बसल्या होत्या. वायरींना कोणाचाच हात नाही. शाळेत जोडणी मुलगे करायचे आणि या आकडे लिहायच्या, अक्षर चांगलं म्हणून.

"बाई, जोडून कोण देणार?" एकीने विचारलं.

"बसा वाट बघत, येईल कोणीतरी," म्हणत मीही खुर्चीत बसले.

तास संपत आला तेव्हा तिनेच वायर उचलली. चुकीची जोडली आणि अख्ख्या मजल्यावरचे पंखे बंद पडले. आता फ्यूज तीच बदलते, मला विचारतही नाही.

चिमीचीही विचारायची सवय सुटेल. पुढल्या वर्षी तिच्या लग्नाचं बघायचं, असं वहिनी लिहिते. तेव्हाही ती तुम्हाला विचारेलच असं नाही. हे चालणार असेल तरच पाठव.

तिला स्वतःला काय हवंय, ते मात्र तुझ्या पत्रात कुठेच नाही. तिलाच लिहू दे. अक्षर चांगलं आहे तिचं.

तुझी धाकटी