गॉडमदर वेळेवर निघाली होती

१३ मे, सोमवार
कॅरियाकू बेटावरून ऑल्विनचा फोन. हा माझा भाचा. दोन वर्षं किनाऱ्यावर ठोकाठोक चालली होती ती लाकडी बोट अखेर तयार झाली. शनिवारी अकराच्या भरतीला पाण्यात उतरवणार. "टांटी, गॉडमदर तूच हवीस," म्हणाला. मावशीला तो टांटीच म्हणतो. बोटीचं नाव झाकणारं निशाण गॉडमदरनेच खेचायचं. तोवर नाव गुपित. मी विचारलं नाही. घराण्यात आता थोरली मीच, म्हणजे नाव माझंच. 'सेलेस्टीन'. बोटीला शोभून दिसेल.
पप्पा कॅप्टन होते. समुद्र माझ्या रक्तात आहे.
ठराव : शुक्रवारची फेरीबोट, दीड तासाचा तर प्रवास. नवी टोपी. निशाण खेचताना रडायचं नाही.

१४ मे, मंगळवार
फेरीबोट रद्द. म्हणजे बोट जाणार आहे, मी रद्द केली. तिकीट खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, आजी, म्हाताऱ्यांना सवलत आहे. माझ्याकडे न बघता हिला माझं वय कळलं कसं? छत्तीस वर्षं मी टपाल कचेरीच्या खिडकीत बसले. समोरच्याचा चेहरा पाहिल्याशिवाय कधी एक तिकीट फाडलं नाही. हे सगळं तिला नीट सांगितलं. मागची रांग फार उद्धट होती. आजन्म बहिष्कार.
शेजारची हॉर्टेन्सही सोहळ्याला येते आहे. तिने सवलत घेतली आणि वर त्या मुलीला थँक्यू म्हणाली. काहींना स्वाभिमान नसतो.

१५ मे, बुधवार
विमान, आजचंच. नऊच प्रवासी, पंचवीस मिनिटं. हे आधीच सुचायला हवं होतं.

संध्याकाळी
तिथे माणसाला सामानासकट काट्यावर उभं करतात. पोरगेल्या कर्मचाऱ्याने आकडा मोठ्याने वाचला आणि पायलटला विचारलं, मॅडमना मधोमध बसवायचं का? शाळेतल्या सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, बाईचं वजन आणि बाईची पापं फक्त परमेश्वराला ठाऊक असावीत. काट्यावरून उतरले ती थेट घरी. त्या आकड्यात टोपीचा डबाही होता, हे कोणी लक्षातच घेतलं नाही.

१६ मे, गुरुवार
प्रश्न सुटला. मालवाहू बोट. कॅप्टन कॉझ्मो मला पाहून उठून उभा राहिला, मिस सेलेस्टीन म्हणाला. वय विचारलं नाही, वजन विचारलं नाही. उद्या दहाला सुटायचं, दोनला पोचायचं.
हॉर्टेन्स कुंपणावरून म्हणाली, कॉझ्मोचे दहा कुठल्या दिवसाचे ते विचारून घे. मत्सर.

१७ मे, शुक्रवार
सकाळी ९.३०. चढले. कांद्याच्या पोत्यांवर ऐसपैस जागा. सोबत सिमेंट, गॅसच्या टाक्या आणि चार शेळ्या.
दुपारी १२. धक्क्यालाच. कोणाचा तरी फ्रिज यायचाय.
२.१०. फ्रिज आला.
२.३०. तो फ्रिज नव्हे. परत गेला.
३.३०. फेरीबोट सुटली. हॉर्टेन्सने रुमाल हलवला. मी कांद्यांकडे पाहिलं.
५.००. कॉझ्मो म्हणतो, आता पहाटेच. दहापर्यंत नक्की पोचू. घाई न करणं यालाच अनुभव म्हणतात. घरी जाते.

१८ मे, शनिवार
पहाटे ५.४०. सुटलो. पाणी आरशासारखं. पप्पांची आठवण झाली.
६.१०. बंदर संपलं.
७.३०. पाण्याखालचा ज्वालामुखी टाळायला मोठा वळसा घालतोय. किंचित चक्कर. कांद्यांमुळे.
८.०५. कांदे नासके असणार.
८.४०. शेळ्या उभ्या आहेत. मी आडवी.
९.१०. टोपीचा डबा वापरला. टोपी आधी बाहेर काढली होती. बहुतेक.
१०.४५. कॅरियाकू. कॉझ्मो मुख्य बंदराकडे निघाला होता. मी त्याला थेट विंडवर्ड गावासमोर नांगर टाकायला लावला. नव्या बोटीच्या अगदी नाकासमोर. गॉडमदरने बसमधून यायचं का?
११.०५. ढोल वाजताहेत. सगळं गाव दोरांना लागलंय. मला पाहून थांबले. दोन्ही हात हलवताहेत.
११.२०. अजून हलवताहेत. काही जण छातीभर पाण्यात उतरलेत. इतकं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं. उभी राहिले, मान लववली, पुन्हा बसले.
११.३०. ऑल्विन स्वतः होडी वल्हवत आला. मला भरून आलं.
"टांटी, आम्ही बाजूला व्हा म्हणून ओरडतोय," तो म्हणाला. "बोट इथूनच उतरायचीय. भरती निघून चालली."
११.५५. कॉझ्मोचा नांगर खडकात अडकला आहे.

संध्याकाळी
नांगर सुटला तेव्हा पाणी ओसरायला लागलं होतं. गाव आणखी थांबलं असतं तर बोट पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत, पंधरा दिवस, वाळूतच राहिली असती. मी होडीत होते, अर्ध्या वाटेवर, नेमकी ज्या बाजूने नाव दिसत नाही त्या बाजूला. निशाण कोणीतरी खेचायलाच हवं होतं. हॉर्टेन्सने खेचलं. म्हणे रडलीसुद्धा.
मी तापाचं निमित्त करून झोपले आहे. सोहळ्याचं मटण आणलं होतं, नको म्हटलं.

१९ मे, रविवार
चर्चमध्ये मिसा झाल्यावर ऑल्विनने मला होडीतून बोटीपाशी नेलं. नाव 'सेलेस्टीन' नाही. 'विनिफ्रेड'. माझी धाकटी बहीण, त्याची आई. विनीला जाऊन तीन वर्षं झाली. दुसरं कुठलं नाव असणार होतं?
मला पहिल्यापासून माहीत होतं, असं त्याला सांगितलं.
तो हसला. म्हणाला, आई नेहमी सांगायची, पप्पा दोघींना बोटीवर न्यायचे तेव्हा ती डोलकाठीवर चढून बसायची आणि तू धक्क्याला बांधलेल्या बोटीतसुद्धा ओकायचीस. विनीला तिखटमीठ लावायची सवयच होती. मग मलाच गॉडमदर का केलंस, विचारलं. म्हणाला, "आईला लहानपणी पळताना पाहिलेलं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय?"
अक्षरांवरून हात फिरवला. मग म्हटलं, बोटीभोवती एक चक्कर मार, सगळ्या बाजूंनी बघू दे तिला.
पाणी अगदी शांत होतं. अर्ध्या चकरेनंतर मी डोळे मिटले.
ऑल्विनने पाणी उपसायची बादली पुढे सरकवली.
घेतली.