भिंतीला लागून मांडलेलं टेबल

अण्णा, परवा मी घड्याळं दुरुस्त करायला घरात टेबल मांडलं. धंदा म्हणून नाही. बियाण्यांच्या कंपनीतली नोकरी संपली, हाताला काहीतरी हवं होतं. बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, भिंग, धूळ उडवायचा रबरी फुगा, सगळं मागवलं. सुताराकडून टेबल छातीएवढं उंच करून घेतलं, म्हणजे मान वाकत नाही, आणि कडेला पट्टी मारून घेतली, म्हणजे स्क्रू घरंगळत नाही. हे सगळं स्टेशनजवळच्या तुमच्या घड्याळांच्या दुकानात बघितलेलं. तिथल्यासारखीच टेबलाची उजवी बाजू भिंतीला चिकटवली आणि बसले, तर कोपर सारखं भिंतीला घासायला लागलं.

आई दारातून बघत होती. म्हणाली, "असं कशाला मांडलंस? ओढ की इकडं."

"अण्णांचं असंच होतं."

"त्यांचं येगळं. उजव्या अंगानं कुणी आलं तर त्यांना दिसायचं न्हाई, म्हणून तिकडं भिंत."

"दिसायचं नाही म्हणजे?"

"तो डोळा गेल्ता त्यांचा. घड्याळाची स्प्रिंग उडून लागली, वरनं काय कळायचं न्हाई. तू पोटात होतीस तवा."

लाईट गेली म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं. मी चिमटा खाली ठेवला. मंग एकेक दिवस डोळ्यांपुढं यायला लागला. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसलाय, मी उजवीकडून चहाचा पेला पुढं करते, तुमचा हात लागतो आणि चहा मांडीवर सांडतो. "समोरून येत जा म्हणून किती येळा सांगू?" तुम्ही कधी ओरडायचा नाहीत, म्हणून त्या दिवशी मी जेवले नव्हते. आणि स्कूटर. मी पुढं उभी, प्रत्येक चौकात तुम्ही विचारता, "उजवीकडून गाडी हाये का बघ." मला वाटायचं, खेळ चाललाय. मी "न्हाई" म्हणायचे आणि माझ्या त्या एका शब्दावर तुम्ही गाडी पुढं घ्यायचात.

आईला विचारलं, "कुणालाच कसं सांगितलं नाही?"

"एका डोळ्याच्या माणसाकडं घड्याळ कोण देईल? बिलकुल बोलायचं न्हाई म्हणले."

"मला पण?"

"तू रोज दुकानात बसायचीस. बोलता बोलता गिऱ्हाइकापुढं निघालं असतं तर?"

काल मी टेबल खिडकीकडं ओढून घेतलं आणि मोठा पारदर्शक चष्मा आणला. स्प्रिंग काढताना तो घालते. आई म्हणाली, बराबर केलंस.

तुम्ही आता नाही, हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. तुमच्यासाठी जीव तुटायला हवा होता, अण्णा. तोही तुटला, पण नंतर. आधी रागच आला, की तुम्ही मलाही गिऱ्हाइकांतच धरलंत.