इराच्या डंगरीचा पट्टा

शनिवार, संध्याकाळ. अल मजाज, घरी

दुबईच्या मॉलमधल्या बर्फात आज इराला स्कीइंगला नेलं. आठ वर्षांची पोर. मी तिच्यासाठी भाड्याने साधी पँट घेत होते. काउंटरवरची बाई हिंदीत म्हणाली, "डंगरीवाली लो, गिरेगी तो पीठ में बर्फ नहीं जाएगी." घेतली.

वर जाताना, तारेला लटकत उतारावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्चीवरून इरा पुढे घसरली. जॅकेटची चेन उघडी होती, म्हणून डंगरीचा खांद्यावरचा पट्टा माझ्या हाती आला. तोच धरून तिला मागे ओढलं. खाली बघवेना. पट्टा नसता तर मी काय धरलं असतं?

परतताना टॅक्सीत ती म्हणाली, "मम्मा, माय हँड इज हर्टिंग." मी तिचा हात मॉलपासून सोडलाच नव्हता.